यात सुटका कोणाची झाली?

जुनी गोष्ट नव्याने सांगण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि सांगणाऱ्याने ती कोणाच्या तोंडून सांगावी? हे प्रश्न वरवर पाहता साहित्यशास्त्राचे वाटतात. मला मात्र ते नीतीचे प्रश्न वाटतात. गोष्टीत कोणाला बोलायला मिळते आणि कोणाची नुसती गणती होते, यावरून ऐकणाऱ्याच्या मनात माणसांची किंमत ठरत जाते. ही किंमत एकदा ठरली की ती पुसायला शतके लागतात.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि महाभारतातला कर्ण स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. त्याच्याबरोबर कुंती, वृषाली आणि शोण यांनाही आपापली बाजू सांगता आली. त्याच वर्षी इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने त्याच महाभारतातल्या माणसांना, कोणाचीही भीड न ठेवता, जाब विचारला. ज्या ग्रंथाला लोक हात जोडतात त्यालाही प्रश्न विचारता येतात, हे मराठी वाचकाने या दोन पुस्तकांतून अनुभवले. गेल्या चाळीसेक वर्षांत युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हेच होमरच्या 'इलियड'च्या बाबतीत घडत आले आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षे जुन्या या युद्धकाव्यावर एकामागून एक कादंबऱ्या येत आहेत. त्यांतल्या चार कादंबऱ्यांचा आधार घेऊन मला वरच्या प्रश्नाशी यायचे आहे.

आमच्या उर्दू घरांत ग्रीसला यूनान म्हणतात. हा यूनान आमच्यापर्यंत पोहोचला तो हकिमाच्या बाटलीतून आणि अरस्तूच्या नावातून. नवव्या शतकात बगदादच्या विद्वानांनी यूनानी वैद्यक आणि तत्त्वज्ञान अरबीत आणले, पण होमरचे काव्य मागेच राहिले. संपूर्ण 'इलियड' अरबी पद्यात आले ते १९०४ साली, कैरोमध्ये, सुलेमान अल-बुस्तानी या लेबनानी विद्वानाच्या हातून. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ट्रॉयच्या युद्धाची ओळख असते ती लाकडी घोड्यापुरती आणि अकिलीसच्या टाचेपुरती. गंमत अशी की, या दोन्ही गोष्टी 'इलियड'मध्ये नाहीतच.

मग त्यात आहे काय? चोवीस सर्ग, पंधरा हजारांहून अधिक ओळी, आणि दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षाचे काही आठवडे. काव्य सुरू होते ते दोन सेनानींच्या भांडणाने. ग्रीकांचा सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉन याच्याकडे एक बंदी मुलगी आहे, अपोलो देवाच्या पुजाऱ्याची. बाप तिला सोडवायला खंडणी घेऊन येतो, राजा त्याला हाकलून देतो आणि छावणीत साथ पसरते. शेवटी मुलगी परत करावी लागते, तेव्हा राजा भरपाई म्हणून अकिलीसच्या वाट्याची बंदी स्त्री उचलून नेतो. तिचे नाव ब्रायसिस. अकिलीस रागावतो, लढायचे सोडून तंबूत बसतो आणि त्या रागापायी हजारो माणसे मरतात. म्हणजे साऱ्या काव्याची कळ एका बाईवरून फिरते. त्या बाईला काय वाटले?

होमर याचे उत्तर फार थोडक्यात देतो. राजाचे दूत तिला न्यायला येतात तेव्हा ती मनाविरुद्ध गेली, एवढे एका शब्दात सांगून तो पुढे सरकतो. त्यानंतर ती बोलते ती एकदाच, एकोणिसाव्या सर्गात. तोवर अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मारला गेलेला आहे आणि ब्रायसिसला परत पाठवण्यात आले आहे. त्याचे प्रेत पाहून ती आक्रोश करते. आपल्या शहरासमोर आपला नवरा कसा पडला, तीन सख्खे भाऊ एकाच दिवशी कसे गेले, ते ती सांगते. आणि पॅट्रोक्लस आपल्याला रडू देत नसे, अकिलीसशी तुझे रीतसर लग्न लावून देतो म्हणत असे, हेही सांगते. तिच्याभोवती उभ्या असलेल्या इतर बंदी स्त्रियाही रडू लागतात. इथे होमर एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवतो. रडण्याला निमित्त पॅट्रोक्लसचे होते, पण प्रत्येक जण रडत होती ती स्वतःच्या दुःखासाठी.

त्याच सर्गात, थोडे आधी, अकिलीस समेटाच्या सभेत म्हणतो की, मी लिर्नेसस जिंकले त्या दिवशीच ही मुलगी देवीच्या बाणाने मेली असती तर बरे झाले असते, इतके ग्रीक तरी वाचले असते. नवव्या सर्गात हाच माणूस तिच्यावर आपले प्रेम असल्याचे सांगत होता. आणि तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळी खेळांच्या स्पर्धा होतात. त्यात कुस्तीचे पहिले बक्षीस आहे बारा बैलांच्या किमतीची एक मोठी तिवई. हरणाऱ्यासाठी आहे एक स्त्री. अनेक कामांत निपुण, किंमत चार बैल. होमर तिचे नाव सांगत नाही. तिवईचे वर्णन आणि तिचे वर्णन एकाच दमात येते.

पण यावरून होमरला आंधळा किंवा निर्दय ठरवणे सोपे असले तरी खरे नाही. तो ग्रीकांचा कवी, ग्रीक भाषेत गाणारा, तरी त्याने शत्रूला माणूस म्हणून पाहिले. सहाव्या सर्गात ट्रॉयचा हेक्टर आपल्या बाळाला उचलून घ्यायला जातो आणि ते बाळ बापाच्या शिरस्त्राणाला घाबरून रडते, तेव्हा नवरा-बायको दोघांनाही हसू येते. उद्या शहर पडेल तेव्हा हिला परक्या देशात पाणी भरावे लागेल, हे हेक्टर आपल्या बायकोच्या तोंडावर बोलून दाखवतो. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्रीच्या अंधारात शत्रूच्या छावणीत जातो, ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो आणि मुलाचे प्रेत मागतो. मारणारा आणि मेलेल्याचा बाप एकत्र बसून रडतात. काव्य संपते ते जेत्याच्या विजयावर नव्हे, शत्रूच्या दफनावर. जगातल्या किती विजयी लोकांनी आपले महाकाव्य असे संपवले असेल?

म्हणून नवी कादंबरी होमरची चूक दुरुस्त करते, हे म्हणणे मला पटत नाही. दरवाजा होमरनेच किलकिला ठेवला होता. त्यातून आत जाणारे लेखकही आजचे नाहीत. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सच्या सैन्याने मेलॉस बेटावरचे पुरुष मारले आणि बायकामुलांना गुलाम केले. पुढच्याच वर्षी, ४१५ मध्ये, युरिपिडीसचे 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक अथेन्समध्येच रंगमंचावर आले. हरलेल्या शहराच्या बायकांचा विलाप जिंकणाऱ्या शहराच्या लोकांना बसून ऐकावा लागला. जुन्या युद्धाची गोष्ट ताज्या गुन्ह्यासमोर धरायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता कादंबऱ्यांकडे येऊ. पॅट बार्कर ही इंग्लंडची लेखिका. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवरच्या तिच्या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, त्यांतल्या एकीला १९९५ साली बुकर पारितोषिक मिळाले. २०१८ साली तिने 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' लिहिली. ही गोष्ट मुख्यतः ब्रायसिस सांगते. जग ज्याला वीर म्हणते तो तिच्या लेखी खाटीक आहे. छावणीतली घाण, जखमांचा वास, दवाखान्याच्या तंबूतले काम, रात्रीची भीती हे सारे एका गुलाम बाईच्या नजरेतून येते. प्रायमच्या त्या प्रसिद्ध प्रसंगी ती तिथे हजर आहे. मुलाच्या मारेकऱ्याचे हात चुंबणे ही आजवर कोणी केली नाही अशी गोष्ट आपण करतो आहोत, असे तो म्हातारा राजा म्हणतो. ब्रायसिस मनात म्हणते, असंख्य बायकांना हे रोज करावे लागले आहे. नवऱ्याला आणि भावांना ज्याने मारले, त्याच्याच अंथरुणावर जावे लागले आहे. हा प्रसंग वाचल्यावर होमरचा चोविसावा सर्ग पूर्वीसारखा वाचता येत नाही. तो सर्ग लहान होत नाही, पण त्याच्या शेजारी आणखी एक दुःख येऊन उभे राहते, आणि दोन्हींकडे एकाच वेळी पाहावे लागते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्या काळची बाई असा विचार करणे शक्य आहे का? हे तर आजच्या लेखिकेचे विचार, जुन्या बाईच्या तोंडी घातलेले. आक्षेप पूर्ण खोटा नाही. बार्करचे सैनिक तर आजच्या इंग्रज शिपायांच्या भाषेतच शिव्या देतात आणि गाणी म्हणतात. पण हा आक्षेप आम्हा उर्दूवाल्यांच्या ओळखीचा आहे. मीर अनीस (१८०३-१८७४) हा लखनौचा मरसियाकार. करबलाची घटना इसवी सन ६८० मधली, इराकच्या वाळवंटातली. पण अनीसच्या मरसियांतल्या स्त्रिया अवधच्या शरीफ घराण्यांतल्या बायकांसारख्या बोलतात, रीतिरिवाजही तिथलेच पाळतात. इतिहासाच्या दृष्टीने हे चूक आहे असे टीकाकारांनी म्हटले. तरी ऐकणारे रडले, कारण त्या बहिणीचा, त्या आईचा आवाज त्यांनी आपल्याच घरात ऐकलेला होता. काळाचा मेळ बसला नाही तरी दुःखाचा बसला. उसना आवाज हा गुन्हा नव्हे. साहित्यात सगळेच आवाज उसने असतात. होमरच्या ब्रायसिसचा आवाजही होमरचाच होता.

तेव्हा आवाज कोणाचा, एवढे विचारून भागत नाही. माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. या नव्या सांगण्यात सुटका कोणाची झाली? म्हणजे गोष्ट संपताना कोण स्वच्छ होऊन बाहेर पडला, आणि त्याला स्वच्छ करण्यासाठी कोणाचे दुःख खर्ची पडले?

हा प्रश्न मॅडलिन मिलरच्या 'द साँग ऑफ अकिलीस'ला विचारून पाहावा. ही अमेरिकन लेखिका लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी शिक्षिका. या कादंबरीवर तिने दहा वर्षे काम केले. २०११ साली ती आली आणि पुढच्या वर्षी तिला ऑरेंज पारितोषिक मिळाले. जगभरच्या तरुण वाचकांनी तिच्यावर जीव टाकला. गोष्ट पॅट्रोक्लस सांगतो. त्याचे आणि अकिलीसचे प्रेम हा तिचा गाभा आहे, आणि ते प्रेम तिने फार हळुवारपणे रंगवले आहे. पण बंदी स्त्रियांचे काय? या कादंबरीत पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस ब्रायसिसला आणि इतरही स्त्रियांना आपल्या वाट्याला मागून घेतो, ते त्यांना दुसऱ्यांच्या हाती पडू न देण्यासाठी. त्या तंबूत त्यांना कोणी हात लावत नाही. ब्रायसिस तिथे मैत्रीण होऊन राहते. वाचताना बरे वाटते, आणि हे बरे वाटणेच मला खटकते. ज्याने तिचे घर जाळले त्याच्याच तंबूला तिचा आसरा करून टाकले, तर नायक निर्मळ होतो, प्रेमकथा निर्वेध चालते आणि वाचकाच्या मनावरचे ओझे उतरते. तिच्या दुःखावर मात्र हळूच पांघरूण पडते. होमर इतका मऊ नव्हता. अकिलीसची थोरवी आणि त्याचे क्रौर्य त्याने एकाच माणसात ठेवले आणि ते सोडवण्याचे काम आपल्यावर टाकले.

बार्करला हाच प्रश्न विचारला तर? तिने अकिलीसला सोडले नाही. मात्र कादंबरीच्या मध्यावर ब्रायसिसचा आवाज थांबतो आणि काही प्रकरणे अकिलीसच्या बाजूने, त्रयस्थ निवेदनात येतात. तो मनाचा ठाव घेत जातो आणि आपणही त्याच्या दुःखात गुंततो. काहींना हा कादंबरीतला दोष वाटतो. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. आपण त्याच्या गोष्टीतून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि ते साधले नाही, अशी कबुली शेवटी ब्रायसिसच देते. जेत्याची गोष्ट इतकी पसरलेली असते की तिच्याबाहेर पाय ठेवायला जागा शोधणेच कठीण. हे लपवले असते तर ती कादंबरी खोटी झाली असती.

तिसरी कादंबरी जर्मन आहे. क्रिस्टा वोल्फ पूर्व जर्मनीत राहून लिहिणारी. १९८३ साली, दोन्ही जर्मनींच्या भूमीवर अणुबॉम्बवाहू क्षेपणास्त्रांची चर्चा चालू असताना तिची 'कासांड्रा' आली. प्रायमची ही मुलगी भविष्य जाणते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मायसीनीच्या दरवाजाबाहेर मरणाची वाट पाहत ती सारे आठवते. अकिलीसला ती जनावर म्हणते. तिचा राग ग्रीकांवर आहेच. पण या कादंबरीची खरी ताकद दुसरीकडे आहे. कासांड्रा आपल्याच शहराचा हिशेब मांडते. शत्रू दारात येण्याआधीच ट्रॉयच्या राजवाड्यात पहारे वाढले, माणसे एकमेकांवर पाळत ठेवू लागली, युद्धाला युद्ध म्हणायची बंदी झाली. ज्या हेलनसाठी लढायचे ती शहरात नव्हतीच, आणि राजघराण्याला हे ठाऊक होते. शेवटी आपल्याच राजकन्येला, कासांड्राच्या बहिणीला, अकिलीससाठी आमिष म्हणून वापरायचे ठरते. कासांड्रा संमती देत नाही, म्हणून तिला कोंडले जाते, आणि कोंडणारा तिचा स्वतःचा बाप आहे. होमरने ज्या प्रायमसाठी आपल्याला रडवले, तोच हा प्रायम.

हरलेल्या बाजूची गोष्ट सांगणाऱ्याला एक मोह नेहमी होतो. आपण सोसले, म्हणून आपण निर्दोष, असे त्याला वाटू लागते. वोल्फने तो मोह टाळला. ट्रॉयवर अन्याय झाला हे खरे आणि ट्रॉयने आपल्या मुलींवर अन्याय केला हेही खरे. एक खरे दुसऱ्या खऱ्याला खोडत नाही. कोर्टात साक्षीदाराने आपल्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्टही सांगितली, तरच त्याच्या बाकीच्या बोलण्याला वजन येते. गोष्ट सांगणाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे.

चौथी कादंबरी डेव्हिड मालूफ या ऑस्ट्रेलियन लेखकाची, 'रॅन्सम', २००९ ची. एक शिक्षिका म्हणून मला तिच्या जन्माची हकिकत फार जवळची वाटते. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, ब्रिस्बेनच्या शाळेत एका पावसाळी दुपारी बाईंनी वर्गाला ट्रॉयची गोष्ट वाचून दाखवली. तास संपला, गोष्ट अर्धी राहिली. ऐकणाऱ्या त्या मुलाने पुढे साठेक वर्षांनी ही कादंबरी लिहिली. तिच्यात फक्त प्रायमचा तो रात्रीचा प्रवास आहे. पण राजाबरोबर मालूफने एक नवा माणूस पाठवला, दोन खेचरांची गाडी हाकणारा सोमॅक्स. त्याचीही मुले मेली आहेत. त्यांच्यासाठी कोणी युद्ध थांबवले नाही, कोणी खंडणी दिली नाही. वाटेत नदीकाठी तो राजाला पाण्यात पाय सोडून बसायला लावतो, भाकरीचा तुकडा खाऊ घालतो आणि आपल्या मुलांविषयी बोलतो. पन्नास मुलांच्या बापाला तेव्हा प्रथमच कळते की आपण आपल्या मुलांना असे कधी ओळखलेच नव्हते. पुढे हा गाडीवान म्हातारपणी गावोगाव ती रात्र सांगत फिरतो आणि लोक त्याला थापाड्या समजतात. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्यांनी ऐकीव गायले त्यांचे काव्य झाले!

माझ्या वर्गात मी इतिहास शिकवते तेव्हा युद्धाच्या धड्याची ठरलेली चौकट असते. कारणे, सन, ठिकाण, कोण जिंकले, तहाच्या अटी, परिणाम. परीक्षेत यावरच गुण मिळतात. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, हारनेवालों की औरतें कहाँ गईं?" धड्यात त्याचे उत्तर नव्हते. बाकीच्या मुली हसल्या नाहीत, उलट सगळ्या वळून माझ्याकडे पाहू लागल्या. त्या दिवशी मी त्यांना ब्रायसिसची गोष्ट सांगितली, जमेल तशी, वयाला झेपेल तेवढी. पण माझ्या लक्षात राहिले ते त्या मुलींचे दुसरे एक कुतूहल. ब्रायसिसच्या स्वतःच्या घरी नोकरचाकर होते का, असे एकीने विचारले.

हा प्रश्न सगळ्याच पुनर्कथनांच्या मुळाशी जातो. बाविसाव्या सर्गात हेक्टरची बायको अँड्रोमाकी घरात मागावर बसलेली आहे. नवरा लढून दमून येईल म्हणून ती दासींना स्नानाचे पाणी तापवायला सांगते. हेक्टर तर बाहेर मेलेला आहे. हा प्रसंग वाचून डोळे भरून येतात, ते अँड्रोमाकीसाठी. पण चुलीवर ते मोठे भांडे चढवणाऱ्या दासी कोण होत्या? त्या कुठल्या पडलेल्या शहरातून आल्या होत्या? ट्रॉय पडले तेव्हा त्यांचे नशीब फिरले की नुसता मालक बदलला? राणी दासी झाली की ती शोकांतिका होते. जी आधीपासूनच दासी होती तिच्यासाठी काव्य नाही. त्यांची कादंबरी मी अजून वाचलेली नाही. प्रत्येक नवी गोष्ट एका मुक्या माणसाला बोलते करते आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाण्याच्या भांड्यापाशी उभे करून ठेवते. हे टाळता येईल असे मला वाटत नाही. पण लिहिणाऱ्याला ते ठाऊक असावे, एवढी अपेक्षा ठेवता येते.

या अंकात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपणा सर्वांची एक जुनी तक्रार आहे. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान आला तर तो एक तर क्रूर असतो, नाहीतर जिवाला जीव देणारा स्वामिभक्त. साधा, कर्ज फेडणारा, बायकोशी भांडणारा, मुलाच्या शाळेची काळजी करणारा मुसलमान फार क्वचित येतो. म्हणून आपली गोष्ट आपणच सांगितली पाहिजे, असे आपण म्हणत आलो आणि ते योग्यच आहे. ब्रायसिसची बाजू अकिलीसच्या भाटाने सांगावी अशी वाट पाहत कोणी किती काळ बसायचे?

पण आपली गोष्ट सांगताना वरचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. दंगलीवरची कथा आपण लिहितो. तिच्यात बाप बोलतो, भाऊ बोलतो, वस्तीतला पुढारी बोलतो आणि आई रडते. तिच्या रडण्याने कथेला उठाव येतो. घर जळण्याआधी त्याच घरात तिचे काय चालले होते, तिचा मेहेर कधी दिला गेला का, बापाच्या जमिनीतला तिचा वाटा भावांनी काढून दिला का, हे आपण लिहीत नाही. बाहेरून आगीची झळ लागत असताना घरातले काढायचे कशाला, असे आपल्याला वाटते. ट्रॉयच्या राजवाड्यालाही असेच वाटत होते. आणि घरातले लिहिले तर बाहेरचे त्याचा गैरफायदा घेतील, ही भीती खोटी नाही, ते मी नाकारत नाही. तरीही कासांड्राने बोलायचे थांबवले नाही. शत्रूचा अन्याय सांगताना तिने आवाज जेवढा चढवला, तेवढ्याच आवाजात तिने बापाचा अन्याय सांगितला. म्हणून तिचे दोन्ही खरे वाटले.

पॅट्रोक्लसच्या प्रेताभोवती उभ्या असलेल्या त्या बायकांची मला वारंवार आठवण होते. त्यांना स्वतःसाठी रडायची परवानगी नव्हती. मालकाच्या मित्रासाठी रडायची होती. त्या निमित्ताने त्या आपापले रडल्या. होमरला हे दिसले आणि त्याने ते अर्ध्या ओळीत लिहून ठेवले. त्या प्रत्येकीचे दुःख काय होते, हे त्याने सांगितले नाही. बार्करने एकीचे सांगितले. बाकीच्या अजून तिथेच उभ्या आहेत. त्यांच्यातल्या काही आपल्या मोहल्ल्यातल्या आहेत, काही आपल्या घरातल्या. आपण कथा लिहायला बसू तेव्हा त्यांना नुसते रडायला बोलावू नये.